छातीत पुन्हा पुन्हा पाणी आणि स्वादुपिंडाचा जुना आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात, फोंड्यातल्या एका लॅबमध्ये २२ वर्षं टेक्निशियन आहे. माझ्या दादाच्या डाव्या छातीत चार महिन्यांत तीनदा पाणी झालं. मूळ स्वादुपिंडात म्हणजे पॅनक्रियासमध्ये आहे हे कळेपर्यंत तो हाडांचा सापळा झाला होता. तेव्हापासून दोडामार्गापासून काणकोणापर्यंतचे लोक मला रिपोर्टचे फोटो पाठवतात आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं पोटविकाराच्या डॉक्टरांना दाखवून दुरुस्त करून घेतली आहेत, पण तुमच्या पेशंटचं औषध त्याच्याच डॉक्टरांनी ठरवायचं.

१. स्वादुपिंड पोटात असतं. मग पाणी छातीत कसं होतं?

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून आडवं पडलेलं असतं. ते रोज दीडेक लिटर पाचक रस तयार करतं आणि तो एका नळीतून आतड्यात सोडतं. जुन्या सुजेत, म्हणजे क्रॉनिक पॅनक्रियाटायटिसमध्ये, ही नळी ठिकठिकाणी आवळते, तिच्यात खडे धरतात. वाट अडली की मागे दाब वाढतो आणि नळी कुठेतरी फुटते.

पुढच्या बाजूला फुटली तर रस पोटात साठतो आणि पोट फुगतं. मागच्या बाजूला फुटली तर रस कण्यालगत वर चढतो. अन्ननलिका आणि महाधमनी यांच्यासाठी छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या स्नायूत जी भोकं असतात, त्यांतून तो छातीत शिरतो आणि शेवटी फुप्फुसाच्या आवरणात उतरतो. या चोरवाटेला फिश्च्युला म्हणतात. फिश्च्युला म्हटलं की आपल्याकडे भगंदरच आठवतं, पण त्या दुखण्याशी याचा काही संबंध नाही.

२. हे किती जणांना होतं?

फार थोड्यांना. स्वादुपिंडाची जुनी सूज असलेल्या हजार पेशंटांत चारेक जणांना. ज्यांच्या स्वादुपिंडाजवळ रसाची पिशवी (स्यूडोसिस्ट) तयार झालेली असते, त्यांच्यात प्रमाण बरंच जास्त, शंभरात चार-पाच. दारू पिणारे चाळिशी-पन्नाशीतले पुरुष सर्वांत जास्त सापडतात.

३. आमच्या बाबांच्या पोटात कधीच दुखलं नाही. तरी हे असू शकतं?

हो, आणि इथेच सगळे फसतात. रस छातीकडे निघून गेला की स्वादुपिंडातला दाब उतरतो, त्यामुळे पोटदुखी नसते किंवा अगदी कमी असते. पेशंट येतो तो धाप लागते, खोकला आहे, छातीत किंवा खांद्यात दुखतं, वजन उतरलं असं सांगत. साहजिकच तो छातीच्या डॉक्टरकडे जातो. अशा पेशंटांपैकी जवळपास निम्म्यांना स्वादुपिंडाचा आजार आहे हे तोवर माहीतही नसतं.

दादाला विचारलं तेव्हा तोही "पोटाचं काही नाही" म्हणाला होता. वहिनीने नंतर आठवण करून दिली की दोन वर्षांपूर्वी चवथीच्या दिवसांत तो रात्रभर पोट धरून गुडघे छातीशी घेऊन बसला होता आणि सगळ्यांनी ते ॲसिडिटीवर ढकललं होतं. म्हणून डॉक्टरांना माहिती देताना घरच्या बाईमाणसालाही बोलू द्या. पेशंट विसरतो, ती विसरत नाही.

४. डॉक्टर म्हणतात टीबी आहे. कशावरून ओळखायचं?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या देशात छातीत पाणी झालं की पहिला संशय टीबीचा, आणि तो योग्यच आहे. टीबीच्या पाण्यात प्रोटीन जास्त असतं. स्वादुपिंडाच्या पाण्यातही ते जास्तच असतं, डेसिलिटरला ३ ग्रॅमच्या वर. वजन दोन्हींत उतरतं, भूक दोन्हींत मरते. त्यामुळे प्रोटीनच्या आकड्यावरून दोघांतला फरक कळत नाही. टीबीसाठी एडीए (पाण्यातलं एक एन्झाइम मोजणं), जीन एक्सपर्ट (टीबीच्या जंतूच्या जनुकांची तपासणी), कल्चर (जंतू वाढवून बघणं), गरज पडल्यास आवरणाचा तुकडा काढून तपासणी होते. स्वादुपिंडासाठी एकच साधी तपासणी लागते: त्याच पाण्यातलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं पिष्ट पचवणारं एन्झाइम.

आमच्या लॅबमध्ये छातीचं पाणी आलं की फॉर्मवर बहुधा प्रोटीन, शुगर, पेशींची संख्या, एडीए यांवर खुणा असतात. अमायलेजवर खूण क्वचितच असते, कारण संशयच आलेला नसतो. दादाचं पाणी पहिल्या दोन वेळा दुसरीकडे तपासलं गेलं होतं, दोन्ही वेळा अमायलेज सांगितलंच नव्हतं, आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. तिसऱ्यांदा पाणी झाल्यावर नव्या डॉक्टरांनी ही तपासणी लिहिली आणि नमुना माझ्याच टेबलावर आला. मशीनने आकडा दिलाच नाही, मोजमापाच्या पट्ट्याबाहेर असं दाखवलं. सलाईन घालून दसपट पातळ केलं, तरी तेच. शंभरपट पातळ केल्यावर कुठे आकडा आला. त्याला शंभराने गुणलं तर ४१ हजार. रक्तात हा आकडा साधारण शंभराच्या आसपास असतो. मी ती नळी हातात धरून बराच वेळ उभी होते.

तेव्हा नेमकं विचारायचं ते असं: पाणी काढल्यावर पुन्हा भरतंय, टीबीचा पक्का पुरावा मिळालेला नाही, किंवा औषध घेऊनही उतार नाही, तर "डॉक्टर, पाण्यातलं अमायलेज केलंय का?" हे आदराने विचारा. पेशंट दारू पिणारा असेल किंवा त्याच्या पोटदुखीचा इतिहास असेल, तर पहिल्याच वेळी विचारा.

आणि एक कळकळीने सांगते, टीबीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. दारू आणि मधुमेह या दोन्हींमुळे टीबीचा धोका वाढतो, म्हणजे एकाच माणसाला दोन्ही आजार असू शकतात.

५. पाण्यातलं अमायलेज किती असलं म्हणजे स्वादुपिंडाचं समजायचं?

लिटरला १००० युनिटच्या वर असेल तर संशय बळकट होतो. फिश्च्युला असेल तर आकडा बहुतेकदा हजारांत, कधी लाखांत असतो. दोन-तीनशे आला तर तेवढ्यावरून काही ठरत नाही. अपवादांसाठी प्रश्न ७ बघा.

लॅबच्या बाजूने एक सूचना. हा नमुना साध्या नळीत पाठवावा लागतो. जांभळ्या बुचाच्या नळीत ईडीटीए असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि कॅल्शियमशिवाय अमायलेज नीट काम करत नाही. आकडा खोटा कमी येतो. पेशी मोजायला जांभळी नळी लागते, म्हणून घाईत सगळं पाणी तिच्यातच गेलेलं मी पाहिलं आहे. नमुना तुम्हीच लॅबला घेऊन जाणार असाल तर बुचाच्या रंगावर नजर टाका.

६. रक्तातलं अमायलेज थोडंच वाढलंय. म्हणजे स्वादुपिंड ठीक आहे ना?

तसं म्हणता येत नाही. जुन्या आजारात स्वादुपिंड इतकं झिजलेलं असतं की रक्तातला आकडा नॉर्मलही येऊ शकतो. आणि वाढलेला असला तरी तो बरेचदा छातीतल्या पाण्यातूनच रक्तात शोषला गेलेला असतो. निर्णय पाण्यातल्या आकड्यावर होतो.

७. अमायलेज वाढलं म्हणजे नक्की स्वादुपिंडच का?

नाही. अन्ननलिका फाटली तर लाळ छातीत उतरते आणि लाळेतही अमायलेज असतं. काही कॅन्सरमध्ये, विशेषतः फुप्फुसाच्या आणि अंडाशयाच्या, पाण्यातलं अमायलेज वाढतं. न्यूमोनिया आणि टीबीतही थोडंफार वाढू शकतं. पण या कारणांत स्वादुपिंडाच्या फिश्च्युलाइतका प्रचंड आकडा सहसा येत नाही. शंका असेल तर त्याच पाण्यातलं लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम) करतात. लाळेतल्या अमायलेजबरोबर लायपेज वाढत नाही, स्वादुपिंडाच्या रसात दोन्ही वाढलेले असतात. पाण्यातल्या पेशी कॅन्सरसाठी तपासणं तरीही टाळू नये.

८. पाण्याचा रंग काळपट होता. कॅन्सर तर नाही?

रंगावरून निदान होत नाही. स्वादुपिंडाचं पाणी गवती पिवळं, चहासारखं, रक्ताळ किंवा अगदी काळंही असतं. जुनं रक्त मुरलं की काळपणा येतो. तपासणी पूर्ण होईपर्यंत मनात कॅन्सर धरून रात्री जागू नका.

९. उजव्या छातीत पाणी आहे. मग हे कारण बाद?

बाद नाही. चारांतल्या तिघांत डावीकडे होतं, पण उजवीकडे आणि दोन्हीकडेही होतं. एवढंच, की लिव्हर खराब असलेल्या पेशंटमध्येही उजवीकडे पाणी होतं, आणि दारू पिणाऱ्यात ते कारण आधी आठवतं. दोघांतला फरक अमायलेजच दाखवतं.

१०. अचानक पोटात दुखून ॲडमिट केलं, एक्स-रेमध्ये डावीकडे थोडं पाणी दिसलं. हाच प्रकार का?

बहुधा नाही. स्वादुपिंडाला ताजी सूज आली की शेजारच्या आवरणात चिडून थोडं पाणी जमतं. नळी फुटलेली नसते आणि सूज उतरली की पाणीही आपोआप जिरतं. या पानावरचा प्रकार वेगळा आहे: पाणी भरपूर असतं, काढलं तरी परत येतं, आठवडे-महिने चालतं.

११. कोणता स्कॅन करायचा?

सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडातले खडे, रसाची पिशवी आणि छातीतलं पाणी दिसतं, पण बारीक चोरवाट निम्म्याहून अधिक वेळा निसटते. एमआरसीपी हा एमआरआयचाच प्रकार. त्यात नळी, तिचं फुटलेलं ठिकाण आणि वर जाणारी वाट जास्त चांगली दिसते, आणि शरीरात काही घालावं लागत नाही. ईआरसीपी म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून नळीच्या तोंडाशी पोचणं. तिच्यामुळे स्वादुपिंडाला नव्याने सूज येऊ शकते, म्हणून निव्वळ बघण्यासाठी ती सहसा करत नाहीत. उपचार करायचे असतील तेव्हा करतात.

१२. पाणी काढत राहिलं तर आपोआप बरं होणार नाही का?

नळ उघडा ठेवून लादी पुसण्यासारखं आहे ते. धाप कमी व्हायला पाणी काढावंच लागतं, अनेकदा छातीत नळी घालून ठेवतात. पण एका वेळी साधारण दीड लिटरच्या वर काढत नाहीत, कारण दबलेलं फुप्फुस एकदम फुललं तर त्यालाच सूज येते. शिवाय प्रत्येक लिटरबरोबर शरीरातलं प्रोटीन जातं. दादाचे गाल बसले ते आजाराने आणि या वारंवार काढण्याने, दोन्हींनी.

१३. उपचार काय असतात? ऑपरेशन करावंच लागतं?

सगळ्यांना नाही. पहिला टप्पा स्वादुपिंडाला विश्रांती देण्याचा: तोंडाने खाणं थांबवतात, नाकातून लहान आतड्यापर्यंत बारीक नळी घालून अन्न देतात किंवा शिरेतून पोषण देतात, रस कमी करणारी ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं देतात आणि छातीतली नळी चालू ठेवतात. इंजेक्शनांनी शुगर वरखाली होते, तेव्हा मधुमेह असेल तर वारंवार तपासावी. एवढ्यावर तीनांत एक ते दोघांत एक या प्रमाणात पेशंट सावरतात. दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल तर वाट बघत बसण्यात अर्थ नसतो.

दुसरा टप्पा स्टेंटचा. ईआरसीपीने स्वादुपिंडाच्या नळीत प्लास्टिकची बारीक नळी बसवतात, म्हणजे रस आतड्याकडे वळतो आणि चोरवाट सुकते. स्टेंट फुटलेल्या जागेच्या पलीकडे पोचला तर उत्तम. नळीची रचना योग्य दिसली तर आता अनेक डॉक्टर औषधांबरोबर लवकरच स्टेंट टाकतात, आणि मला तेच पटतं.

नळी मधेच पूर्ण तुटलेली असेल, खड्यांनी बंद असेल, किंवा स्टेंट पोचतच नसेल तर ऑपरेशन. स्वादुपिंडाच्या शेपटीकडचा खराब भाग काढतात, किंवा फुगलेली नळी उभी उघडून लहान आतड्याला जोडतात. छाती उघडावी लागत नाही, फुप्फुस जाड आवरणात अडकून बसलं असेल तरच लागते. शेपटीबरोबर प्लीहाही (स्प्लीन) काढावी लागणार असेल तर न्यूमोनिया आणि मेंदूज्वराच्या लसी आधीच घेण्याविषयी विचारा. ठरवून होणाऱ्या ऑपरेशनमध्ये त्या दोन आठवडे आधी द्यायच्या असतात.

१४. स्टेंट टाकल्यावर छान वाटतंय. परत का जायचं?

कारण तो कायमचा नसतो. प्लास्टिकचा स्टेंट काही आठवड्यांनी-महिन्यांनी तुंबतो. तुंबलेला स्टेंट नसलेल्यापेक्षा वाईट: पुन्हा सूज, जंतुसंसर्ग, ताप. डिस्चार्ज कार्डवर काढण्याची किंवा बदलण्याची तारीख लिहून घ्या आणि ती घरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहा. वहिनीने लिहिली होती. दादा "बरं वाटतंय, शिगमो झाल्यावर जाऊ" म्हणत होता (शिगमो म्हणजे आमचा होळीचा सण), तिने ऐकलं नाही.

१५. छातीतल्या पाण्याशिवाय आणखी काय होऊ शकतं?

याहूनही दुर्मीळ प्रकार आहेत.

रस दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत पिशवी धरून बसला तर अन्ननलिका दबते, घास अडकतो. काहींना वाटतं घशाचा आजार आहे. रस हृदयाभोवतीच्या आवरणात गेला तर तिथे पाणी साठून हृदयच दाबलं जातं: बीपी पडतं, मानेच्या शिरा फुगतात, ही जिवावरची वेळ. श्वासनलिकेत वाट फुटली तर खोकल्यातून भरपूर पातळ थुंकी पडते आणि त्या थुंकीतही अमायलेज सापडतं. आणि रसाने शेजारची रक्तवाहिनी, बहुधा प्लीहेची, कुरतडली तर तिला फुगा येतो आणि तो फुटून छातीत रक्त साठू शकतं. अशा वेळी कॅथेटरने ती रक्तवाहिनी आतून बंद करतात.

१६. माझी बहीण दारूला शिवलेली नाही. सगळे संशयाने बघतात.

तिच्यावरचा हा अन्याय थांबवा. स्वादुपिंडाची जुनी सूज दारूशिवायही होते: आनुवंशिक दोष, वाढलेलं कॅल्शियम किंवा ट्रायग्लिसराइड, नळीची जन्मजात रचना, काही वेळा कारण सापडतच नाही. दक्षिण भारतात, विशेषतः केरळात, तरुण वयात स्वादुपिंडात मोठे खडे होऊन मधुमेह होणारा प्रकार पूर्वीपासून माहीत आहे. लहान मुलांतही छातीत पाणी झाल्याच्या नोंदी आहेत. बाई आहे, पीत नाही, म्हणून अमायलेज न करणं ही चूक आहे.

१७. फेणी सोडली. सीझनला थोडा हुर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) चालेल? हलका असतो.

नाही. फेणीत साधारण ४२ टक्के दारू आणि हुर्राकात तिच्या निम्म्याहून कमी, हे खरं. पण एकदा स्वादुपिंड या थराला गेलं की कमी-जास्तीचा हिशेब उरत नाही, बिअरही नाही. सिगारेट, बिडीही बंद, कारण तंबाखू हा आजार स्वतंत्रपणे वाढवतो.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात घरीच बंद करू नये. हात थरथरणं, भास, फिट येऊ शकते. ॲडमिट करताना रोज किती पितो हे डॉक्टरांना खरं सांगा. लाजून निम्मं सांगितलं की तिसऱ्या दिवशी वॉर्डात गोंधळ होतो आणि कारण कोणालाच कळत नाही.

१८. जेवण सुरू झाल्यावर काय द्यायचं? नारळ बंद?

सुरुवात उकड्या तांदळाच्या पेजेने, तीही थोडी थोडी, दिवसातून पाच-सहा वेळा. मग मऊ शीत (भात), मुगाचं वरण, उकडलेली भाजी, तळलेले नसलेले मासे, अंड्याचा पांढरा भाग. हुमणात (माशाच्या आमटीत) नारळ पातळ घाला, सोलकढी नारळाच्या रसाऐवजी नुसत्या आगळाची (कोकमाच्या रसाची) करा. नेवऱ्या (करंज्या), तळलेली सुंगटं (कोळंबी) लांबच. पण कायमचं तेल-तूप पूर्ण तोडायचं नसतं, या पेशंटांना वजनही भरून काढायचं असतं. शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारी, घाण वासाची होत असेल तर एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात. त्या जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवण झाल्यावर घेऊन उपयोग नाही, पहिल्या घासाबरोबर आणि जेवणाच्या मधे घ्यायच्या.

१९. गोव्यात कुठे दाखवायचं? खर्चाचं काय?

म्हापसा, मडगावच्या जिल्हा इस्पितळांत पाणी काढून तपासायला पाठवता येतं. पुढची धाव बहुतेकांची बांबोळीला, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात), आणि सिंधुदुर्गातले लोकही तिथेच येतात. जाताना आधीचे सगळे एक्स-रे, पाण्याचे रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं तारखेप्रमाणे लावून न्या. तिसऱ्यांदा पाणी झालंय हे डॉक्टरांना कागदांवरून एका नजरेत दिसलं पाहिजे.

खाजगी इस्पितळात जाणार असाल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड बघा. २०१६ पासूनच्या या योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ईआरसीपी, स्टेंट, ऑपरेशन यांतलं काय कार्डावर बसतं, हे ॲडमिट होण्याआधी तिथल्या योजनेच्या खिडकीवर विचारा. नंतर बिल हातात आल्यावर विचारणं कठीण जातं.

२०. घरी असताना कधी लगेच धावायचं?

धाप वाढून आडवं पडवत नसेल, थंडी वाजून ताप आला (साठलेल्या पाण्यात पू झाला असू शकतो), काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली, छातीच्या नळीतून एकदम लाल पाणी आलं, चक्कर येऊन घाम सुटला, तर १०८ ला फोन करा. फोनवरच सांगा: "स्वादुपिंडाचा पेशंट आहे, छातीत पाणी होतं." उतरताना इस्पितळातल्या डॉक्टरांनाही पहिलं वाक्य हेच सांगा.

२१. बरं झाल्यावर पुन्हा होतं का?

होऊ शकतं, विशेषतः नळीचा आवळलेला भाग तसाच राहिला असेल किंवा पिणं पुन्हा सुरू झालं तर. पहिल्या वर्षात छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी डॉक्टर सांगतील तेव्हा करा, शुगर अधूनमधून तपासा, वजनाची वही ठेवा. दर रविवारी सकाळी एकाच काट्यावर वजन घ्या. सलग दोन-तीन आठवडे वजन उतरतंय आणि जिना चढताना पुन्हा थांबावं लागतंय, तर पुढच्या तारखेची वाट न बघता एक्स-रे काढून घ्या. आणि पाणी दिसलंच तर ते साध्या नळीत, फॉर्मवर अमायलेजची खूण करून पाठवायला सांगा (प्रश्न ५).